भाड्याच्या घरात सामान भरायचंय? खर्चाचा हिशेब असा मांडा

भाड्याच्या घरासाठी सामान घेताना बहुतेकांचा हिशेब दुकानातल्या किमतीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. स्वतःच्या घरात ते खपून जातं. भाड्याच्या घरात मात्र वस्तू किती महाग पडली हे घर सोडताना कळतं. ती दारातून बाहेर निघते का, सुटी करून पुन्हा जोडता येते का, कुणी विकत घ्यायला तयार आहे का, की तिथेच टाकून द्यावी लागते, यावर सगळं ठरतं. म्हणून पहिला प्रश्न ‘बजेट किती’ हा नाही. ‘या घरात किती महिने राहणार’ हा आहे.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे. वस्तूची किंमत, ती आणण्याचा आणि वर चढवण्याचा खर्च, जोडणी, दुरुस्ती यांची बेरीज करा. घर सोडताना ती विकून जे हाती येईल ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला राहण्याच्या महिन्यांनी भागा.

एक कपाट घेऊन बघू. चलन कोणतंही धरा. चांगलं नवं कपाट १०० ला मिळतं, आणणं-जोडणं १०. दोन वर्षांनी ते ३० ला विकलं, तर खर्च झाला ८०, म्हणजे महिन्याला साधारण ३.३. तसंच वापरलेलं कपाट ५० ला घेतलं, गाडी आणि हमालीला १५ गेले, बिजागऱ्या बदलायला ५, आणि विकताना ३५ आले, तर खर्च फक्त ३५. महिन्याला दीडसुद्धा नाही. स्वस्तातलं, हलक्या बोर्डाचं नवं कपाट ६० ला मिळतं, जोडणी ८, पण एकदा सुटं केलं की ते पुन्हा नीट उभं राहत नाही, त्यामुळे विकून काही येत नाही. महिन्याला २.८ पडतं. भिंतीत ठोकून बनवून घेतलेलं कपाट १०० आणि जाताना ते काढून भिंत सारखी करायला १०, म्हणजे महिन्याला ४.६. आणि महिन्याला ४ भाड्याने मिळणारं कपाट दोन वर्षांत ९६ खातं.

आता मुक्काम सहाच महिन्यांचा धरा. नवं कपाट तेव्हा ६० ला विकलं जाईल, पण खर्च ५० झाला आणि तो सहांत वाटला गेला, म्हणजे महिन्याला ८.३. वापरलेलं ४५ ला विकलं तर महिन्याला ४.२. भाड्याचं ४ च. थोडक्यात, सहा-आठ महिन्यांसाठी भाड्याचं फर्निचर परवडतं, वर्ष-दीड वर्षाच्या पुढे ते महाग पडत जातं, आणि वापरलेली चांगली वस्तू बहुतेक वेळा दोघांनाही मात देते. आकडे तुमच्या बाजाराप्रमाणे बदलतील, पण प्रत्येक मोठ्या वस्तूसाठी हा भागाकार कागदावर करा. डोक्यात केला की मन हव्या त्या बाजूला झुकतं.

आधी वरची मर्यादा

घर बदलण्याचा महिना खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट असतो. नव्या घराची अनामत, पहिलं भाडं, दलाली असेल तर ती, सामान हलवण्याचा खर्च, वीज-गॅस-इंटरनेटच्या जोडण्या, हे सगळं एकदम येतं. जुन्या घराची अनामत मात्र नंतर हाती पडते, आणि तीही कापून. त्यामुळे ती येईल असं धरून सामान घेऊ नका. हातात असलेल्या पैशातून वरचे सगळे खर्च आणि शिवाय एका महिन्याचा घरखर्च बाजूला काढा. जे उरलं ते सामानाचं बजेट.

त्याची वाटणी करताना सुरुवातीला ही विभागणी धरायला हरकत नाही. एकूण १०० भागांपैकी झोपण्याच्या सोयीला २२, फ्रिज-वॉशिंग मशीन-स्वयंपाकघर मिळून २५, बसणं-जेवण-कामाचं टेबल यांना १३, कपाटं आणि रॅक १०, पडदे आणि दिवे ७, किडूकमिडूक ८, वाहतूक-हमाली-जोडणी ७ आणि राखीव ८. घरात फ्रिज आधीपासून असेल तर तो हिस्सा लगेच सोफ्याकडे वळवू नका. दोन महिने तसाच ठेवा. घरून काम करणाऱ्यांनी बसण्या-जेवणाच्या हिश्श्यातला मोठा वाटा टेबल-खुर्चीला द्यावा आणि दिवाणखान्याकडे तूर्त काणाडोळा करावा.

राखीवाचे ८ भाग दोन कामांसाठी असतात. अर्धे अडीअडचणीला आणि अर्धे घर सोडताना भोकं बुजवणं, रंगाचे ठिगळ, साफसफाई यांना. हा दुसरा अर्धा भाग कुणी धरत नाही आणि तोच अनामतीतून, घरमालक सांगेल त्या भावाने, कापला जातो.

किडूकमिडूक हा शब्द फसवा आहे. पायपुसणी, कचऱ्याचे दोन डबे, बादल्या, झाडू-पोछा, हँगर, कपडे वाळत घालायची दोरी किंवा स्टँड, एक्स्टेन्शन बोर्ड, बल्ब, पडद्याचे दांडे, कुलपं, किल्ल्यांच्या जादा जोड्या, स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, साबण ठेवायची जाळी. एकेकाची किंमत नगण्य, म्हणून कुणी लिहून ठेवत नाही. पहिल्या आठवड्यात रोज दोन-चार वस्तू येत राहतात आणि महिनाअखेरीस बेरीज एका छोट्या फ्रिजइतकी होते. यादी आधी करा आणि दोनच खेपांत सगळं आणा. तिसऱ्या खेपेला जे आठवतं त्यातलं अर्धं नसलं तरी अडत नाही.

घरात आधीच काय आहे

किल्ली हातात आली की सामानाच्या आधी फोनचा कॅमेरा आत न्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, फरशा, नळ, ओटा, दारं-खिडक्या, असलेले पंखे-दिवे यांचे फोटो काढा. भिंतीतली जुनी भोकं आणि डाग जवळून काढा, शेजारी मोजपट्टी धरून. त्यातले मुख्य दोष घरमालकाला लेखी निरोपात पाठवून ठेवा. भाडेकरारात चार गोष्टी शोधा: भिंतीत भोक पाडायला परवानगी आहे का, कोणतं सामान मालकाचं आहे, ते बिघडलं तर दुरुस्ती कोणाची, आणि जाताना रंग कोणी द्यायचा. तोंडी ‘हो, हो, करा की’ याला घर सोडताना काही किंमत उरत नाही. निरोपात एक ओळ लिहून घ्या, तेवढं पुरतं.

मालकाने जुना पलंग किंवा कपाट ठेवलं असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर पैसे खर्च करण्याआधी विचारा की ते हलवणार का. तुमचा नवा पलंग आणि त्यांचा जुना पलंग एकाच घरात राहिले, तर एक खोली गोदाम होते.

सॉकेट मोजा. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, ओव्हन यांना जास्त भार झेलणारा सॉकेट लागतो आणि तो बहुतेक वेळा वस्तू ठेवायच्या जागेपासून लांब असतो. अशी उपकरणं साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत. वायर आणि प्लग तापतात. सॉकेट हलवून घ्यायचा तर परवानगी आणि इलेक्ट्रिशियन हे दोन खर्च वाढले. वॉशिंग मशीनसाठी जवळ नळ आहे का, त्याला पाइपची आटी बसते का, आणि सांडपाण्याचा पाइप कुठे जाणार, हेही पाहा. समोरून दार असलेल्या मशीनचा सांडपाण्याचा पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर नेऊन अडकवावा लागतो. तो खाली जमिनीवर सोडला तर पाणी भरत असतानाच निघून जातं आणि मशीन भरतच राहतं.

माप घ्यायचं ते दारापासून

खोलीचं माप सगळे घेतात. घोडं अडतं ते जिन्यात. मोजण्याचा क्रम वस्तू ज्या वाटेने येणार त्याच वाटेने ठेवा: इमारतीचं दार, लिफ्ट, जिन्याचं वळण, घराचं दार, आतला बोळ, खोलीचं दार.

दाराचं माप चौकटीपासून चौकटीपर्यंत घेतलं तर चुकतं. दार ९० अंशांत उघडा आणि उघड्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. फळीची जाडी आणि बिजागरी मिळून दीड-दोन इंच खातात. अगदी अडलंच तर बिजागरीच्या खिळ्या काढून दार उतरवता येतं आणि ते दोन इंच परत मिळतात. लिफ्टची खोली, रुंदी, उंची आणि लिफ्टच्या दाराची उंची ही चारही मापं वेगवेगळी लिहा. लिफ्ट आतून ७ फूट उंच असते, पण दार साडेसहा फुटांचं असतं, आणि सोफा उभा करून आत नेताना मधला अर्धा फूट नडतो.

सोफ्याचं गणित थोडं निराळं. सोफा दारातून आडवा जात नाही, तिरका जातो. त्यामुळे त्याची रुंदी दारापेक्षा जास्त असली तरी तो जाऊ शकतो. बाजूने बघा: पाठीच्या वरच्या टोकापासून हाताच्या पुढच्या वरच्या टोकापर्यंत एक सरळ काठी टेकवा. आता पाठीमागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या काठीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा. हे तिरकं माप दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा इंचभर तरी कमी हवं. सोफा उभा करून न्यायचा तर त्याची लांबी बोळाच्या छताच्या उंचीपेक्षा कमी हवी, आणि उभा करून आत घेतल्यावर तो वळवायला दारामागे मोकळी जागा हवी. पाय स्क्रूचे असतील तर काढून मोजा, चार-पाच इंच वाचतात. तीन जणांच्या अखंड सोफ्यापेक्षा दोन जणांचा सोफा आणि एक सुटी खुर्ची भाड्याच्या घराला जास्त सोयीची. पुढच्या घराचं दार कसं असेल कोणाला ठाऊक?

खोलीत आल्यावर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी जमिनीवर लावून वस्तूची आखणी करा आणि एक दिवस त्याभोवती वावरा. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे किमान २४ इंच, येण्याजाण्याच्या मुख्य वाटेवर ३० ते ३६ इंच, जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत खुर्ची ओढून उठायला ३६ इंच. टेबलापाशी प्रत्येक माणसाला २४ इंच रुंदी लागते. कपाटाची दारं आणि पलंग यांच्यात दाराच्या रुंदीइतकी जागा अधिक तुम्ही उभे राहाल तेवढी, नाहीतर सरकत्या दाराचं कपाट घ्या. एवढं केल्यावर बहुतेकांच्या यादीतून एखादी मोठी वस्तू आपोआप गळते. बजेट वाचवण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

काय कधी घ्यायचं

पहिल्या दिवशी लागतं ते फार थोडं: गादी, अंथरूण-पांघरूण, झोपायच्या खोलीच्या खिडकीला पडदा, एक दिवा, बादली, एका वेळचं शिजवता येईल एवढी भांडी, कचऱ्याचा डबा, कुलूप. पहिल्या महिन्यात फ्रिज, कपडे ठेवायची सोय, टेबल-खुर्ची. सोफा, टीव्हीचं युनिट, पुस्तकांचा रॅक, गालिचे, शोभेच्या वस्तू तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत ऊन कुठून येतं, पाऊस कुठून आत मारतो, तुम्ही खरंच कुठे बसता, हे कळलेलं असतं. टेबलावर जेवायचं असं ठरवलेलं असतं आणि प्रत्यक्षात रोज ओट्यापाशी उभ्यानेच उरकलं जातं, असं असेल तर चार खुर्च्यांचा संच कशाला?

संच नकोच. सोफा-टीपॉय-युनिट एकत्र घेतलं की सूट मिळते, पण त्यातली एखादी वस्तू हमखास नको असलेली असते, आणि विकताना संच कुणालाच नको असतो.

गादीवर हात आखडता घेऊ नका, पलंगावर घ्या

झोपण्याच्या हिश्श्यातले निम्म्याहून जास्त पैसे गादीला जावेत. फोमची गादी घेत असाल तर घनता विचारा. रोजच्या वापराला घनमीटरला ३० किलो किंवा त्याहून जास्त घनता हवी. २५ च्या खालचा फोम लवकर बसतो आणि मध्ये खड्डा पडतो. दुकानात बसून पाहिलं की कडकपणा कळतो, घनता कळत नाही, आणि दोन्ही एकच नव्हे. कमी घनतेचा फोमही कडक बनवता येतो. आकडा सांगायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा.

पलंग साधा चालतो, फक्त पट्ट्यांमधलं अंतर ३ इंचांपेक्षा जास्त नसावं, नाहीतर फोम फटींत दबत जातो. मधोमध जमिनीला टेकणारा पाय हवा, विशेषतः ५ फूट किंवा त्याहून रुंद पलंगाला. सुरुवातीला गादी जमिनीवर टाकून भागवणार असाल तर दर दोन-तीन दिवसांनी ती भिंतीला उभी करा. अंगाचा दमटपणा खाली साचतो आणि गार फरशीवर त्याचं पाणी होतं, मग खालच्या बाजूला बुरशी धरते. खोक्याचा पलंग सामान ठेवायला चांगला असतो पण जड असतो. तो सुटा होत नसेल तर घेऊ नका.

कपाट, रॅक आणि बोर्डाची जात

घर बदलताना स्वस्त फर्निचर मोडतं ते सांध्यांत. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. तिच्यात स्क्रू एकदा घट्ट बसतो. काढून परत लावला की भोकातला चुरा सुटतो आणि स्क्रू फिरत राहतो. शिवाय कडेने पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पूर्ववत होत नाही. प्लायवूड दोन-तीनदा सुटं करून जोडलं तरी टिकतं. लोखंडी कपाट किंवा रॅक त्याहून जास्त. एका घरात तीन-चार वर्षं राहायचं असेल तर पार्टिकल बोर्ड वाईट नाही. वर्षा-दीड वर्षाला घर बदलणाऱ्याने ते टाळावं. आधीच असेल तर जोडताना सांध्यात थोडा लाकडाचा गोंद घालू नका, मोह झाला तरी. तो घातला की ते सुटं होणार नाही. ढिलं झालेलं भोक नीट करायचं तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गुल काढून, गोंद लावून भोकात बसवा, वाळू द्या, जादा भाग कापा आणि मग स्क्रू लावा.

रॅक घेताना फळीची लांबी बघा. वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर ती आठपट वाकते. एक मीटर लांब ओळीतली पुस्तकं सहज २५ किलो भरतात. १८ मिलिमीटर जाडीच्या बोर्डाला मध्ये आधार नसेल तर अडीच फुटांच्या पुढे झोल पडायला लागतो. अरुंद कप्प्यांचा रॅक दिसायला तेवढा ऐसपैस नसतो, पण तो टिकतो.

उंच कपाट किंवा रॅक भिंतीला पट्टीने बांधायला हवा, घरात लहान मूल असेल तर अजिबात टाळू नका. ओढलेले खण आणि त्यावर चढणारं मूल यांनी कपाट पुढे कोसळतं. भिंतीत भोक पाडायला परवानगीच नसेल तर कमरेच्या उंचीचं, रुंद बुडाचं कपाट घ्या. जोडणी करताना उरलेले स्क्रू, किल्ली आणि सूचनेचा कागद एका पिशवीत घालून त्याच कपाटाच्या मागे चिकटवा. सुटं करताना प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घाला.

पडद्यांचा हिशेब

पडद्यात पैसे कुठे जातात हे एका खिडकीवरून समजेल. खिडकी ४८ इंच रुंद. दांडा दोन्ही बाजूंना ६ इंच पुढे, म्हणजे ६० इंच. चुण्या नीट पडायला दांड्याच्या दुप्पट कापड लागतं, १२० इंच. कापडाचा पन्हा ५४ इंच असेल तर १२० ला दोन पट्टे थोडे कमी पडतात आणि शिंपी तीन पट्टे लागतील असं सांगतो. दोनच पट्टे घेतले तर १०८ इंच, म्हणजे दांड्याच्या १.८ पट. दिसायला फरक जाणवत नाही, कापड मात्र एक तृतीयांश वाचतं. उंची दांड्यापासून जमिनीपर्यंत ८४ इंच, वरच्या दुमडीला ४ आणि खालच्या पट्टीला ६, मिळून ९४. दोन पट्ट्यांना १८८ इंच, म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर. सुती कापड आटतं, साधारण ३ ते ५ टक्के, म्हणून आधी धुवून मग शिवायला द्या आणि खरेदी सव्वापाच मीटरची करा. जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. खालची ६ इंचांची पट्टी मुद्दाम मोठी ठेवायची. पुढच्या घरात दांडा उंच असला तर उसवून पडदा लांब करता येतो.

तयार पडदे शिवून घेतलेल्या पडद्यांपेक्षा स्वस्त पडतात, आणि भाड्याच्या घरासाठी तेच शहाणपणाचं. फक्त झोपायच्या खोलीचा पडदा जाड घ्या. दांड्यासाठी भोक पाडता येत नसेल तर चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो. तो हलका पडदा पेलतो, जाड पडद्याने खाली घसरतो.

चिकटपट्टीचे हुक भिंतीवर लावण्याआधी बोट घासून बघा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर हुक टिकणार नाही, आणि टिकला तर निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन निघेल. गुळगुळीत, धुता येणाऱ्या रंगावर, फरशीवर आणि काचेवर ते चांगले धरतात. लावल्यावर तासभर वजन टांगू नका. काढताना हुक आपल्याकडे ओढायचा नाही; खालची पट्टी भिंतीला समांतर, सावकाश खाली ताणायची.

दिव्यांना फार खर्च नाही. ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० लुमेन देतो, मध्यम खोलीला दोन-तीन पुरतात. झोपायच्या आणि बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब लावा, ओट्यावर आणि कामाच्या टेबलावर ४००० चा, म्हणजे जरा पांढरा. मालकाचे जुने बल्ब एका खोक्यात ठेवा आणि जाताना परत लावा. तुमचे चांगले बल्ब तिथे सोडून जायचं कारण नाही.

वापरलेल्या वस्तू

लाकडी आणि लोखंडी टेबल, खुर्च्या, कपाट, रॅक, पलंगाची चौकट, या वस्तू वापरलेल्या घ्याव्यात. गादी, उशा आणि कापडी सोफा घेऊ नयेत. ढेकूण घरात आले की ते घालवण्याचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. लाकडी पलंगातही ते असतात, म्हणून टॉर्च आणि एक पातळ कार्ड घेऊन जा. सांधे, स्क्रूची भोकं, पट्ट्यांच्या खालची बाजू इथे कार्ड फिरवा. शाईचे ठिपके असावेत तसे काळे डाग, पातळ सोललेली कातडी किंवा गोडसर-कुबट वास आला तर पैसे देऊ नका. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर किडा अजून आत आहे. ठोकल्यावर पोकळ वाजलं आणि नख रुतलं तर वाळवी.

कपाटाचा खालचा पाया आणि मागची फळी बघायला लोक विसरतात. ओल लागलेली असते ती तिथेच. टेबल एका कोपऱ्यावर दाबा, खुर्चीवर बसून मागेपुढे रेला. डुगडुगणं स्क्रूमुळे असेल तर दहा मिनिटांचं काम, लाकूड चिरल्यामुळे असेल तर सोडून द्या.

वापरलेला फ्रिज घ्यायला जाताना विक्रेत्याला सांगा की तो आधीपासून चालू ठेवा. नुकता चालू केलेला फ्रिज थंड होतो की नाही हे दहा मिनिटांत कळत नाही. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर रबर गेलं आहे. चारही बाजूंनी करा. आणताना उभाच आणा. आडवा आणावा लागला तर उभा करून काही तास थांबा, रात्रभर आडवा असेल तर पूर्ण दिवस, आणि मगच चालू करा. कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत यायला वेळ लागतो.

नवं, समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन घेतलं की मागच्या बाजूला ड्रम पक्का धरणारे तीन-चार मोठे बोल्ट असतात. पहिल्या वापराआधी ते काढावेच लागतात, नाहीतर मशीन खोलीभर नाचतं. काढलेले बोल्ट फेकू नका. घर बदलताना ते परत लावले नाहीत तर ड्रमचा झोला खाऊन आतला भाग निकामी होऊ शकतो, आणि तेव्हा दुकानात तेच बोल्ट सापडत नाहीत.

हप्ते आणि भागीदारी

‘शून्य व्याज’ हप्त्यांत रोख सूट किती हुकते ते आधी विचारा. वस्तू १०० ची, रोखीने ९२ ला मिळते, हप्त्यांवर १०० आणि वर प्रक्रिया शुल्क २. शुल्क पहिल्याच दिवशी गेलं, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात ९२ वजा २, म्हणजे ९० उसने घेतले आणि सहा महिन्यांत १०० फेडले. हे महिन्याला साधारण ३ टक्के व्याज झालं. फ्रिजसारख्या गरजेच्या वस्तूसाठी ते कधी पत्करावं लागतं, सोफ्यासाठी नाही. आणि कोणताही हप्ता भाडेकराराच्या मुदतीपलीकडे जाऊ देऊ नका.

काही जण मिळून राहत असाल तर एक वस्तू एकाची, हा नियम सगळ्यात कमी भांडणाचा. फ्रिज एकाचा, वॉशिंग मशीन दुसऱ्याचं, टेबल-खुर्च्या तिसऱ्याच्या. एकत्रच घ्यायचं असेल तर खरेदीच्या दिवशीच वस्तूचं आयुष्य ठरवा आणि लिहून ठेवा. फ्रिज ९० चा, तिघांचे ३०-३०, आयुष्य ३६ महिने धरलं. कुणी १२ महिन्यांनी गेला तर उरलेल्या २४ महिन्यांचे त्याला २० मिळतील, आणि ते नव्याने येणाऱ्याने द्यायचे. पावती कुणाच्या नावावर आहे तेही त्याच कागदावर असू द्या, कारण वॉरंटीला तिची गरज लागते.

घर सोडण्याचं ठरलं की विक्री शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. घाईत असलेल्या विक्रेत्याला भाव पाडून मागतात आणि त्याला तो द्यावा लागतो. नोटीस दिली त्याच दिवशी सोफा, रॅक, जादा खुर्च्या विकायला काढा, मूळ पावती आणि मापं फोटोसोबत द्या. ‘सुटं करून देऊ’ असं लिहिलं तर लवकर गिऱ्हाईक मिळतं. फ्रिज शेवटच्या तीन-चार दिवसांसाठी ठेवा आणि चालू असतानाच दाखवा. हलवण्याआधी आदल्या रात्री तो बंद करून बर्फ वितळू द्या आणि दार थोडं उघडं ठेवा.